उंदरांचं औषध

नानांच्या पोटावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, लाल गांधी उठल्याचं योगिनीला दिसलं. तिला वाटलं, गुलाबाच्या शेडमधले डास चावले असतील. रविवारची सकाळ होती. नाना आंघोळ करून उघड्या अंगानं ओट्यावर बसले होते आणि तिची आई, रंगूबाई, त्यांच्या उजव्या खांद्याला तेल चोळत होती. ओट्याखाली पंचवटीच्या बाजारात जायच्या गुलाबाच्या जुड्या बादल्यांतून उभ्या होत्या.

“नाना, पोटाला काय चावलं?”

नाना, म्हणजे तिचे वडील खंडेराव, हसले. “चावलं नाय, टोचलंय. तुझंच औषध हाय ते.”

योगिनीला अर्थ लागेना. ती शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात पीएच.डी. करत होती. तुटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, लवकर जुळावी म्हणून दोन पेप्टाइडांचं मिश्रण ती उंदरांना देत असे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच लहानसा तुकडा. जखम भरताना शरीर असे तुकडे निरोप्यासारखे इकडून तिकडे धाडत असतं. उंदराच्या टाचेची कंडरा कापायची, शिवायची, मिश्रण टोचायचं आणि काही आठवड्यांनी उंदराला मारून ती कंडरा यंत्रात ओढून पाहायची, किती ताणाला तुटते ते. काम नाजूक होतं आणि सुटीच्या दिवशीही उंदरांना बघावं लागे, म्हणून ती कॉलेजजवळच खोली घेऊन राहायची. मखमलाबादच्या मळ्यात आठवड्यातून एकदा यायची. त्या कामाचा नानांच्या पोटाशी काय संबंध?

“माझं कुठलं औषध?”

“रवीनं दिलं. बोलला, आपल्या योगिनीनंच शोधलंय. खांद्याची शीर जुळती त्यानं.”

रवी म्हणजे रविराज, नानांच्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा. आधी तो द्राक्षबागायतदारांना टॉनिकं आणि संजीवकं विकायचा. वर्षभरापूर्वी त्यानं ते सोडून गंगापूर रोडला ‘रिकव्हरी सेंटर’ काढलं होतं. तिथं नेमकं काय चालतं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. शेक, मालिश, असलंच काहीतरी असेल असं योगिनी समजून चालली होती.

नानांचा खांदा गेली दोन वर्षं दुखत होता. पाठीवर फवारणीचा पंप आणि डोक्यावर फुलांचे क्रेट वाहून वाहून आतली कंडरा अर्धी फाटली होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: ओझं बंद, रोज व्यायाम, आणि नाहीच जमलं तर ऑपरेशन. नानांनी काही दिवस कसेबसे काढले आणि परत क्रेट उचलायला लागले.

“इंजेक्शन कोण देतं?”

“मीच की,” रंगूबाई म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. “रवीनं मोसंबीवर शिकवलं. आधी हात थरथरायचा. आता काय नाय. चामडी चिमटीत धरायची आन् सुई तिरपी घालायची.”

योगिनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात, कालच्या कणकेचा गोळा आणि सायीचं पातेलं यांच्यामध्ये, बोटभर उंचीची काचेची कुपी होती. झाकणाच्या रबरावर सायीचा ओघळ येऊन वाळला होता. शेजारी स्टीलच्या पेल्यात एक बारकी सिरिंज उभी होती, मधुमेहाचे लोक वापरतात तसली. सुईच्या टोकाला वाळलेल्या रक्ताचा तपकिरी ठिपका.

“आई, रोज हीच सुई?”

“धुते ना मी गरम पाण्यानं. रवीनं पुडकंच दिलंय सुयांचं, पण चांगली सुई टाकायची कशाला?”

योगिनीनं कुपी उजेडात धरली. आतलं पाणी गढूळ होतं. तळाशी केसासारखा एक तंतू पडला होता. कुपी हलवली की तो वर यायचा आणि सावकाश खाली बसायचा. लेबलवर सोनेरी इंग्रजी अक्षरं, दोन्ही पेप्टाइडांची नावं आणि अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. तिनं ती बाहेर येऊन नानांना मराठीत वाचून दाखवली: फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, माणसासाठी वापरू नये.

“आसं लिवावंच लागतं,” नाना म्हणाले. “कीटकनाशकाच्या बाटलीवर कवटी आसती. म्हणून फवारायचं थांबतो का आपण?”

“नाना, हे पोटात टोचायचं पाणी आहे!”

“मंग? उंदरांना देतीच ना तू? उंदराला चालतं आन् बापाला चालत नाय?” नाना हे चेष्टेत बोलत नव्हते. इतके दिवस मनात ठेवलेलं काहीतरी आज बाहेर पडत होतं. “लोकाची पोरगी आसती तर पहिलं बापाला दिलं आसतं. तू कधी बोलली पण नाय की आसं औषध हाय म्हणून.”

योगिनी त्यांच्यासमोर खाली बसली. “नाना, ते उंदीर बरे होतात आणि मग आम्ही त्यांना मारतो. जगले असते तर पुढं त्यांचं काय झालं असतं, ते मला नाही माहीत. कुणालाच नाही माहीत. त्यानं नव्या रक्तवाहिन्या फुटतात. अंगात कुठं गाठ लपलेली असली तर तिलाही त्याचं खतपाणी मिळेल का, तेही नाही माहीत. आणि ते औषध मी स्वच्छ करून, मोजून देते. हे काय आहे तेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.”

“मला तर लय बरं वाटतंय. हा बघ.” त्यांनी उजवा हात कानाच्या वर नेला. मागच्या महिन्यात तो छातीपर्यंत येत नव्हता.

“क्रेट उचलता का अजून?”

“छ्या. रवी बोलला, कोर्स चालू हाय तवर वजनाला हात लावायचा नाय. गडी लावलाय.”

“डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं ना? वजन उचलू नका म्हणून?”

“डॉक्टर समद्यांनाच सांगतात तसं,” नाना म्हणाले आणि त्यांनी सदरा अंगात घातला.

योगिनीनं कुपी आणि सिरिंज बर्फासोबत डब्यात घातली. आता एकही इंजेक्शन द्यायचं नाही, असं आईला शपथेवर सांगितलं आणि स्कूटर काढून ती तडक गंगापूर रोडला गेली.

सेंटर एका जिमच्या वरच्या मजल्यावर होतं. आत शिरताच लव्हेंडरचा भपका आला आणि त्याच्या खालून घामाचा, न वाळलेल्या टॉवेलांचा आंबूस वास. सोफ्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बसली होती, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या बायका होत्या, चेहऱ्यावरचे डाग घालवायला आलेली एक नवरी होती. कोपऱ्यात ट्रॅकसूटमधली एक मुलगी पाण्याच्या एकाच मोठ्या बाटलीतून सिरिंज भरभरून कुप्यांत पाणी सोडत होती. बाटलीच्या रबरी बुचाची टोचून टोचून चाळणी झाली होती. मुलीच्या हातात मोजे होते खरे, पण त्याच मोज्यांनी तिनं नाक खाजवलं, फोन घेतला, एका पोराच्या पोटावर कापूस दाबला आणि पुन्हा बाटली धरली. वापरलेला कापूस ती मनीप्लँटच्या कुंडीत टाकत होती. कुंडीतली माती दिसत नव्हती.

मग योगिनीला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि पडद्यावर तीच होती, कॉलेजच्या परिषदेतली, निळ्या साडीतली. “या मिश्रणानं कंडरा निम्म्या वेळात जुळून आली,” पडद्यावरची योगिनी ठामपणे सांगत होती. खाली पट्टी सरकत होती: ‘नाशिकच्या शास्त्रज्ञ कन्येचं संशोधन’. आपलं वाक्य तिला पुरतं आठवत होतं. त्याची सुरुवात ‘उंदरांमध्ये’ अशी होती, आणि त्यानंतर लगेच ती म्हणाली होती की माणसांबद्दल यावरून काहीही सांगता येणार नाही. अलीकडचं कापलं होतं, पलीकडचं कापलं होतं. मधला तुकडा संपला की पुन्हा सुरू होत होता.

“योगे! अगं, कळवायचं तरी!” रविराज केबिनमधून हात पसरून बाहेर आला आणि सोफ्याकडे वळून म्हणाला, “बघा, याच त्या. माझी बहीण.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एका बाईनं हात जोडले. “तुमच्यामुळं जिना चढते हो मी,” ती म्हणाली. योगिनीला त्या बाईच्या डोळ्यांत बघवेना. ती केबिनमध्ये शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

“ती क्लिप आत्ताच्या आत्ता बंद कर, रवीदादा.”

“का? चांगली दिसतेस की.”

“नानांना कुठल्या हिशेबानं डोस दिलास?”

“तुझ्याच पेपरवरून. उंदराचं वजन, माणसाचं वजन. शाळेत त्रैराशिक शिकलोय गं.” तो हसला. “तू ना, उगीच अवघड करून बघतेस. द्राक्षाच्या घडाला संजीवकात बुडवतो ना आपण? मणी फुगतो, साल ताणते, गिऱ्हाईक खूश. किती वर्षं मी तेच विकलं. कुणी विचारलं का, मण्याच्या आत काय होतं म्हणून? शरीर ते शरीरच. द्राक्ष काय, माणूस काय.”

“द्राक्ष आपण तोडून विकतो. इथं नाना आहेत.”

“नानाकाकांचा हात वर जातोय. बघितलास ना?”

“हा माल येतो कुठून?”

“भुकटी बाहेरून येते कुरिअरनं. कुप्या आपल्या. लेबलं सातपूरला एकाकडं छापून घेतो.” हे सगळं तो अगदी मोकळेपणानं सांगत होता, घरच्या माणसाला धंद्याची भरभराट सांगावी तसं.

“आणि माणसासाठी वापरू नये, ही ओळ?”

“ती वकिलानं टाकायला लावली. ती असली की आपल्यावर काही येत नाही. उद्या कुणाला काही झालंच, तर आम्ही संशोधनासाठी दिलं होतं, तुम्ही टोचलंत कशाला?” त्यानं डोळे मिचकावले. “हुशार आहे वकील.”

लहानपणी याच्याच सायकलवर मागं बसून योगिनी शाळेत गेली होती. तो उठून जवळ आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुझं नाव बोर्डावर घालू. सायंटिफिक डायरेक्टर. घरचंच आहे सगळं.” त्याचा तळवा दमट आणि चिकट होता. ती मागं सरकली आणि हात धुवायला बाथरूममध्ये गेली.

तिथं नळाखाली गुलाबी टब होता. टबात साबणाचं मळकट पाणी आणि त्यात वापरलेल्या कुप्या भिजत घातल्या होत्या. कुणी तरी त्याच पाण्यात चहाचा कपही विसळायला टाकला होता. पाण्यावर केसांचं एक गुंतवळ तरंगत होतं आणि टबाच्या कडेला बुळबुळीत हिरवट थर धरला होता. धुतलेल्या कुप्या फरशीवर जुन्या बनियनवर पालथ्या घालून वाळत ठेवलेल्या. योगिनीनं नळ सोडला नाही. तिनं फोटो काढले आणि पदराच्या टोकानं तोंड दाबून जिना उतरली. तिला सारखं वाटत होतं, ते पाणी आपल्याच अंगाला लागलंय.

सोमवारी तिनं डबा आपल्या गाइड डॉ. सुवर्णा यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी कुपीतला थेंब जंतूंच्या तपासणीला लावला आणि उरलेलं मिश्रण यंत्रात घातलं. यंत्राचा निकाल आधी आला. दोन पेप्टाइडांपैकी एकाचा नुसता वास लागावा एवढा अंश होता. दुसरं नव्हतंच. बाकी सगळी भुकटी म्हणजे औषधाला आकार यावा म्हणून घालतात ती साखरेसारखी भर.

“म्हणजे हे माझं औषधसुद्धा नाही,” योगिनी म्हणाली.

“नाही. तुझं फक्त नाव आहे,” मॅडम म्हणाल्या.

जंतूंचं कळायला आणखी एक दिवस लागला. मॅडमनी काचेच्या बशीचं झाकण जरासं उचललं. बशीभर शेवाळासारखा हिरवा चिकट थर पसरला होता आणि त्याला वास होता गोडसर, पिकून सडलेल्या द्राक्षांसारखा. “हा वास एकदा घेतला की चुकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पाण्यातले जंतू आहेत. सिंक, ओली भांडी, उघडं पाणी. धडधाकट माणूस गिळून पचवेल एखाद वेळेस. पण सुईनं आत गेले तर...” त्यांनी झाकण लावलं. “वडिलांना आज बघून ये.”

योगिनी निघायच्या आतच आईचा फोन आला. नानांना ताप भरला होता, पोट दगडासारखं कडक झालं होतं, हात लावू देत नव्हते.

“तू इंजेक्शन दिलंस का, आई?”

पलीकडे रंगूबाई रडायला लागली. “तू गेली त्याच दिवशी संध्याकाळी रवी नवी बाटली घेऊन आला गं. बोलला, योगिनी घाबरट हाय, कोर्स मधेच सोडला तर शीर परत तुटंल. मंग हे ऐकंनात.”

दवाखान्यात नानांना टेबलावर घेतलं तेव्हा योगिनी शेजारीच उभी होती. बेंबीच्या डाव्या बाजूला मुठीएवढी गाठ झाली होती. वरची कातडी जांभळी, ताणून चमकणारी. सर्जननं सुरी टेकवली आणि आतलं सगळं दाबानं उसळून बाहेर आलं. हिरवट पिवळं, घट्ट. आणि तोच वास. तोच गोडसर, सडक्या द्राक्षांचा वास, पण आता तो बशीतून येत नव्हता, तिच्या बापाच्या पोटातून येत होता. उंदरांच्या चिरफाडीची तिला सवय होती, रक्तानं तिचा हात कधी हलला नव्हता. ती बाहेर आली आणि कॉरिडॉरमधल्या बेसिनमध्ये ओकली. पाणी तोंडावर मारलं, परत ओकली. कितीही चुळा भरल्या तरी तो गोडवा जिभेवरून जाईना.

दुसऱ्या दिवशी तिनं औषध निरीक्षकांकडे तक्रार दिली. फोटो दिले, मॅडमचा अहवाल दिला. निरीक्षक शांत, मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, “आम्ही धाड घालू. पण तो म्हणेल, मी संशोधनासाठी विकतो, लेबल बघा. ज्याला टोचलं त्याचा जबाब हवा. तुमच्या वडिलांना विचारायला मी येतो.”

ते येण्याआधी लंकाबाई आली. रविराजची आई, योगिनीची मोठी आई. पदराखाली डबा घेऊन आली, नानांच्या पायाशी बसली आणि डोळ्याला पदर लावला. “भाऊजी, तुमचे भाऊ गेले तेव्हा रवीला तुमच्या ओटीत घातला होता मी. पोरानं तुमच्या भल्यासाठीच केलं. घरातलं घरात मिटवा.” मग योगिनीकडे वळून, आवाज न चढवता ती म्हणाली, “तुझं नाव मोठं होत होतं त्यात. तुला ते पण बघवलं नाही.”

निरीक्षक आले, खुर्ची ओढून बसले. “हे इंजेक्शन तुम्हाला कुणी दिलं?”

नानांनी पंख्याकडे बघितलं. “आठवत नाय.”

“घरी कुपी कुणी आणून दिली?”

“ताप होता मला. काय ध्यानात नाय.”

नानांच्या पोटातून रबरी नळी निघून पलंगाला टांगलेल्या पिशवीत जात होती. पिशवीत अजूनही घाण साठत होती. योगिनीनं त्या पिशवीकडे बघितलं, नानांकडे बघितलं, लंकाबाईच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं आणि ती खोलीबाहेर निघून गेली. रविराजची शिसारी तिला समजत होती. बापाची यावी, हे तिला सहन होत नव्हतं. पुढचे काही दिवस ती नानांचं सगळं करायची, औषधं द्यायची, कपडे बदलायची, पण बोलत नव्हती.

धाड पडली. टब गायब होता, कुंडीत नवी माती होती, टीव्हीवर समुद्राच्या लाटा चालू होत्या. थोड्या कुप्या तेवढ्या सापडल्या आणि प्रत्येकीवर ती ओळ होती. सोफ्यावरच्या गिऱ्हाइकांतलं कुणीही बोलायला पुढं आलं नाही. पोलीस भरतीच्या पोरांना भरतीची भीती. गुडघ्याच्या बाईनं तर निरीक्षकांशीच भांडण काढलं, की आमचं औषध बंद कराल तर बघा.

नाना घरी आले. पोटावर खड्डा पडला होता, त्यात औषधाची पट्टी भरावी लागायची. ते काम योगिनी करायची. पट्टी ओढून काढताना नाना उशी चावायचे. एकदा त्यांनी विचारलं, “तुझ्या उंदरांना पण आसं व्हतं?”

“नाही,” योगिनी म्हणाली. किती तरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती. “असं झालं तर मला काम बंद करावं लागेल. उंदराला वेदना होऊ नयेत म्हणून समिती असते, नाना. दर महिन्याला येऊन बघते.”

नानांनी उशी परत दातांत धरली.

त्याच आठवड्यात रविराज भेटायला आला. हातात सफरचंदांची पिशवी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. ओट्यावर येऊन तो वाकला, नानांच्या पायाला हात लावायला. नानांनी पाय वर ओढून मांडीखाली घेतले.

रविराज तसाच अर्धा वाकलेला राहिला. “काय हे, नानाकाका?”

“बस तिथं,” नाना म्हणाले. “एक सांग. त्यात काय हाय, तुला ठावं होतं का?”

“मला कसं ठाऊक असणार? मी काय डॉक्टर थोडाच आहे? वरून जसं येतं तसं देतो.”

“मला बघाया योगिनीची मॅडम दवाखान्यात आली, ती बोलली की त्यात औषधच नव्हतं. साखर होती.”

“अहो, मग फसवलं की मलाच! माझंच नुकसान झालं ना.” रविराजचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. “आणि खरं सांगू का? काकूनं सुई नीट धुतली नसेल. तिकडे कुणालाच काही झालं नाही. घरीच काहीतरी घाण गेली असेल आत.”

रंगूबाई दारात उभी होती. तिच्या हातातला चहाचा कप तिथंच थांबला. तिचं तोंड असं झालं की योगिनी उठून तिच्याजवळ गेली आणि तिनं तो कप हातातून काढून घेतला.

“तुला ठावं नव्हतं,” नाना सावकाश म्हणाले. “तर मंग टोचलं कशाला?”

रविराजनं काहीतरी उत्तर दिलं. शेतकऱ्यांना टॉनिक विकतानाही त्यात काय आहे ते आपल्याला कुठं माहीत असतं, असं काहीसं. नानांनी ते ऐकलं नाही. त्यांनी सफरचंदांची पिशवी पायानं ओट्याच्या कडेला सरकवली. “ने ही. घरात नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी टोपी घातली, धोतरावर स्वच्छ सदरा चढवला आणि योगिनीला म्हणाले, “चल त्या साहेबाच्या हापिसात.” स्कूटरवर ते मागं बसले, दर खड्ड्याला पोट धरत.

निरीक्षकांनी जबाब लिहून घेतला. नानांनी काही लपवलं नाही: मोसंबी, सुई, गढूळ पाणी, दुसरी बाटली, सगळं. आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं, हेही त्यांनी लिहायला लावलं. शेवटी निरीक्षकांनी वाचून दाखवलं, “रविराज नावाच्या इसमानं मला सदर कुपी आणून दिली...”

“इसम नका लिवू,” नाना म्हणाले.

“मग काय लिहू?”

“माझा पुतण्या हाय. पुतण्या लिवा.”

निरीक्षकांनी खोडून तसं लिहिलं. नानांनी सही केली. जिना उतरताना ते मध्येच थांबले आणि कठड्याला धरून उभे राहिले. योगिनीला वाटलं, पोट दुखतंय.

“त्याला आत टाकतील का?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, नाना. केस चालेल.”

“वहिनीला मंग कोण बघंल?” असं म्हणून ते पुढं उतरायला लागले.

सेंटरला सील लागलं. रविराजला जामीन मिळाला आणि मनमाडला कुणा मित्राबरोबर तो काहीतरी नवं सुरू करतोय, असं कानावर आलं. नानांच्या जबाबानंतर आणखी दोघं बोलले, त्यातली एक गुडघ्याची बाई. तिच्याही मांडीत गळू झालं होतं आणि तिनं ते लपवून ठेवलं होतं. लंकाबाई बोलत नाही. नाना गड्याबरोबर तिच्याकडे भाजी धाडतात आणि ती भाजी तशीच परत येते. योगिनीची क्लिप अजून कुणाकुणाच्या फोनवर फिरते आहे. परवा कॉलेजच्या फाटकाशी एक माणूस आपल्या धावपटू मुलीला घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, उंदरांचं ते औषध थोडं आम्हालाही द्या. योगिनीनं त्या मुलीचा पाय बघितला, तिला हाडांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि आधी काही टोचून घेतलंय का, असं विचारलं. मुलगी बापाकडे बघायला लागली. बाप खाली बघत राहिला.